स्लाइडच्या तळाशी असलेली घामग्रंथी

बेशुद्ध सापडलेल्या माणसाच्या अंगावर कधीकधी दिवसभरातच मोठाले फोड उठतात. बहुतेक वेळा ते गुडघ्यावर, घोट्यावर, टाचेवर, म्हणजे ज्या अंगावर तो पडून होता तिथे येतात. भाजलेलं नसतं, काही चावलेलं नसतं, घरच्यांनाही काही सांगता येत नाही. अशा फोडाच्या कडेचा तुकडा तपासायला आला की मायक्रोस्कोपखाली वरच्या भागात फारसं काही हाती लागत नाही. बाह्यत्वचा उचलली गेलीय, खाली पाणी साठलंय, दाहाच्या पेशी मोजक्याच आहेत. असं चित्र कितीतरी आजारांत दिसतं. मग स्लाइड सरकवत चरबीपर्यंत खाली यायचं. तिथे घामग्रंथी असतात, आणि या तुकड्यात त्या मेलेल्या असतात. नळ्यांची घडण जागच्या जागी आहे, पण पेशींची जांभळी केंद्रकं आक्रसून काळपट ठिपके झालीत, काही ठिकाणी पुसलीच गेलीत, आणि उरलेली पेशी नुसती गुलाबी दिसतेय.

या फोडांना कोमा ब्लिस्टर म्हणतात. बार्बिट्युरेट या जुन्या झोपेच्या औषधाचा अतिडोस आणि कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा ही त्यांची सगळ्यांत परिचित कारणं. पण दुसऱ्या औषधांच्या किंवा मेंदूच्या आजाराच्या बेशुद्धीतही ते येतात. तासन्‌तास एकाच जागी दाब, त्यात रक्तातला ऑक्सिजन कमी, यामुळे ग्रंथी मरतात असं मानलं जातं. दाब नसलेल्या जागीही कधी फोड दिसतात, त्यामुळे औषधाचा स्वतःचाही त्यात हात असावा. माणूस वाचला तर फोड आठवड्या-दोन आठवड्यांत बरे होतात. महत्त्वाचं हे की निदान वरच्या फोडात नव्हतं, तळाच्या ग्रंथीत होतं.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, त्वचेच्या बायोप्सी बघण्यात माझा दिवस जातो. नवशिके डॉक्टर स्लाइड लावली की बाह्यत्वचेपाशीच रेंगाळतात, आणि ते साहजिक आहे, कारण बहुतेक आजार तिथेच उठून दिसतात. घामग्रंथी मात्र ‘काय, असतातच’ म्हणून नजरेआड होतात. माझ्या मते त्वचेच्या तुकड्यात सर्वांत कमी वाचली जाणारी गोष्ट हीच आहे.

आधी ती दिसते कशी ते सांगते. अंगभर पसरलेल्या नेहमीच्या घामग्रंथी, ज्यांना एक्राइन म्हणतात, त्या माणसाच्या शरीरात साधारण २० ते ४० लाख असतात. तळहात आणि तळपायांवर सगळ्यांत दाट. प्रत्येक ग्रंथी म्हणजे एक लांब, बारीक नळी. तिचं खालचं टोक अंतस्त्वचेच्या तळाशी, चरबीच्या सीमेवर, दोऱ्याच्या गुंड्यासारखं गुंडाळलेलं असतं. तिथे घाम तयार होतो. मग नळी वर चढते, बाह्यत्वचेतून फिरकी घेत पृष्ठभागावर उघडते. दोऱ्याचा गुंडा मधोमध कापला तर एकच दोरा असूनही कापलेली अनेक टोकं दिसतील. तसंच स्लाइडवर एका ग्रंथीची पाच-दहा वर्तुळं एकत्र बसलेली दिसतात. त्यातली फिकट, रुंद वर्तुळं घाम तयार करणाऱ्या भागाची, आणि गडद, दोन पदरी भिंतीची अरुंद वर्तुळं वाहून नेणाऱ्या नळीची. या घोळक्याभोवती थोडी चरबी असते, पुष्कळ केशवाहिन्या असतात आणि मज्जातंतूंचे अगदी बारीक धागे असतात. काखेत आणि जांघेत अपोक्राइन नावाच्या वेगळ्या, मोठ्या ग्रंथी असतात. त्यांचा उल्लेख पुढे एकदाच येईल, पण तिथे त्या घोटाळा करतात.

ग्रंथीच्या या रचनेतच तिच्या साक्षीदारपणाचं कारण आहे. घाम रक्तातूनच बनतो, म्हणून तिला रक्तपुरवठा भरपूर लागतो, आणि तो तुटला की ती लवकर ढासळते. रक्तात जे फिरतं त्यातलं काही तिच्यातून बाहेर पडतं, म्हणून औषधाचा आणि धातूचा माग तिच्यात सापडतो. तिची सूत्रं मज्जातंतूंच्या हातात असतात, म्हणून मज्जातंतूचा आजार तिच्यापर्यंत पोचतो. शिवाय तिच्या पेशी बाह्यत्वचेच्या पेशींसारख्या दर महिन्याला झडून जात नाहीत. ज्या आजारात पेशीत काहीतरी साठत जातं, तो साठा इथे टिकून राहतो.

रक्तातलं औषध घामातून बाहेर पडतं, याचा सगळ्यांत ठळक अनुभव कॅन्सरच्या उपचारांत येतो. थायोटेपा नावाचं औषध त्वचेवाटे इतकं बाहेर येतं की ते चालू असताना रुग्णाला दिवसातून अनेकदा अंघोळ घालतात, नाहीतर काखेत, जांघेत, चिकटपट्टीखाली त्वचा जळते. १९८२ मध्ये ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या, एका रुग्णात केमोथेरपीनंतर उठलेल्या लाल चट्ट्यांचं वर्णन प्रसिद्ध झालं. बायोप्सीत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी थेट घामग्रंथीच्या गुंड्यांभोवती आणि आतही जमल्या होत्या, ग्रंथीच्या पेशी मरत होत्या. या प्रकाराला न्यूट्रोफिलिक एक्राइन हायड्रॅडेनायटिस असं लांबलचक नाव मिळालं. सायटाराबिन या औषधाशी त्याचं नाव सर्वाधिक जोडलं जातं.

हे ओळखणं का गरजेचं आहे ते रुग्णाच्या अंथरुणाशेजारी उभं राहिलं की कळतं. केमोथेरपीनंतर प्रतिकारशक्ती तळाला गेलेली, अंगात ताप, आणि त्वचेवर लाल, दुखरे चट्टे. पहिली शंका जंतुसंसर्गाचीच येणार आणि यायलाच हवी. बुरशी किंवा जिवाणू असेल तर वेळ घालवणं जिवावर बेतू शकतं. म्हणून तुकड्याचा एक भाग कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघायला, जातो, जंतूंचे खास रंग लावले जातात. जंतू सापडत नाहीत आणि सगळा हल्ला घामग्रंथींवरच केंद्रित आहे असं दिसलं, की डॉक्टरांना दिशा मिळते. हा प्रकार सहसा आपोआप ओसरतो. त्याचंच एक भावंड अगदी निरोगी मुलांमध्ये दिसतं. भरपूर पळापळ केल्यावर किंवा पाय बराच वेळ ओले राहिल्यावर तळपायावर लाल, चालता येऊ नये इतक्या दुखऱ्या गाठी येतात. पालक घाबरतात, पण दोन-तीन आठवड्यांत त्या जातात.

केमोथेरपीचा दुसरा ठसा वाहून नेणाऱ्या नळीवर उमटतो. नळीच्या घनाकृती पेशींच्या जागी चपट्या, बाह्यत्वचेसारख्या पेशी येतात. हे दृश्य फसवं आहे. खोलवर चपट्या पेशींची बेटं दिसली की त्वचेच्या कॅन्सरची शंका येते, आणि रुग्ण आधीच कॅन्सरचा असेल तर वाचणाऱ्याचं मन त्याच दिशेला पळतं. अशा वेळी बेटं कुठे आहेत ते बघायचं. ती नेमकी घामनळ्यांच्या जागी, नळ्यांच्याच अंतराने बसलेली असतात, आणि कुठे ना कुठे मधोमध नळीचं छिद्र शिल्लक असतं. रुग्णाला कोणती औषधं चालू आहेत हे बायोप्सीच्या फॉर्मवर लिहिलेलं असलं तर माझं अर्धं काम तिथेच होतं. न लिहिलेले फॉर्म फार येतात, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्या एका रिकाम्या रकान्यापायी एखाद्याला कॅन्सरचा चुकीचा शब्द ऐकावा लागू शकतो.

धातूंचा माग तर डोळ्यांनी दिसतो. चांदीची पूड घातलेली ‘आरोग्यदायी’ द्रावणं महिनोन्‌महिने प्यायलेल्या किंवा चांदीच्या कामात वर्षं काढलेल्या माणसाची त्वचा हळूहळू निळसर राखाडी होते, चेहरा आणि हातांसारख्या उन्हात राहणाऱ्या भागांवर जास्त. साध्या प्रकाशात स्लाइडवर घामग्रंथीच्या वर्तुळांभोवती, पेशी ज्या पातळ पडद्यावर बसलेल्या असतात त्या पडद्यात, काळसर बारीक कण दिसतात. चटकन नजरेत भरत नाहीत. मग मायक्रोस्कोप अंधाऱ्या पार्श्वभूमीवर लावायचा. त्याबरोबर तेच कण लखलखून उठतात आणि काळ्या चौकटीत ग्रंथींची कडी चमकत्या ठिपक्यांनी आखलेली दिसते. मी हे प्रथम पाहिलं तेव्हा शेजारच्या सहकाऱ्यांना हाक मारून दाखवलं होतं. हा रंग कायमचा असतो, म्हणूनच असली द्रावणं घेऊ नयेत. शरीरात लोह साठत जाण्याच्या हिमोक्रोमॅटोसिस या आजारातही घामग्रंथींभोवतीच्या पडद्यात लोह सापडतं. पर्ल्स नावाचा रंग लावला की ते निळं दिसतं.

आता साठ्याच्या आजारांकडे येते, कारण मला या सगळ्यात तेच सर्वांत विलक्षण वाटतात. किशोरवयीन मुलाला झटके यायला लागतात, हातपाय अचानक उडतात, अभ्यासात तो झपाट्याने मागे पडतो. लाफोरा आजार हा याचा एक दुर्मीळ आणि फार क्रूर प्रकार आहे; सुरुवातीनंतर साधारण दहा वर्षांत तो जीव घेतो. स्पेनचे डॉक्टर गोन्सालो लाफोरा यांनी १९११ मध्ये अशा रुग्णाच्या मेंदूच्या पेशींत गोल गोळे पाहिले. ते असतात बिघडलेल्या, नीट फांद्या न फुटलेल्या ग्लायकोजेनचे, म्हणजे पेशीत साठवलेल्या साखरेचे. जिवंत मुलाच्या मेंदूचा तुकडा कोण काढणार? पण तेच गोळे घामग्रंथीच्या नळीतही साठतात. १९८१ मध्ये त्वचेच्या बायोप्सीवरून निदान करण्याची वाट दाखवली गेली. पीएएस हा रंग लावला की नळीच्या पेशींत किरमिजी गोळे उठून दिसतात.

अपोक्राइन ग्रंथी घोटाळा करतात तो इथे. काखेत निरोगी माणसाच्या अपोक्राइन ग्रंथींतही पीएएसने किरमिजी होणारे कण असतात. घाईत बघितलं तर निरोगी मुलाला लाफोराचं निदान चिकटू शकतं. म्हणून बरेच जण काख सोडून दुसरीकडची त्वचा घेणं पसंत करतात. १९९८ मध्ये या आजाराचा पहिला जनुक सापडला, २००३ मध्ये दुसरा, आणि आता खात्री जनुक तपासणीवरच होते. बायोप्सी मात्र शंका पक्की करून योग्य तपासणीकडे नेऊ शकते.

फॅब्री आजारात हातापायांची आग होते, घाम कमी येतो, उन्हात जीव कासावीस होतो, आणि हे लहानपणीच सुरू होतं. एक एन्झाइम कमी पडल्यामुळे स्निग्ध पदार्थ साठत जातो. पुढे मूत्रपिंडं, हृदय आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या बिघडतात. घामग्रंथीच्या आणि बारीक रक्तवाहिन्यांच्या पेशींत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली झेब्र्याच्या पट्ट्यांसारखे थर दिसतात. या आजारावर आता कमी पडलेलं एन्झाइम बाहेरून देता येतं, त्यामुळे लवकर ओळखण्याला खरा अर्थ आहे. मुलांची दृष्टी आणि बुद्धी हिरावून घेणाऱ्या बॅटन आजाराचा साठाही घामग्रंथींत सापडतो. मोठ्या वयात स्मृती आणि तोल बिघडवणारा आणखी एक मेंदूचा आजार आहे, ज्यात पेशींच्या केंद्रकांतच प्रथिनांचे गोळे बसतात. तो त्वचेच्या बायोप्सीवर ओळखता येतो हे २०११ मध्ये दाखवलं गेलं, आणि ज्या पेशींत ते गोळे शोधायचे त्यांत घामग्रंथीच्या पेशी आहेत. त्यामागचा जनुकीय दोष २०१९ मध्ये उलगडला.

कधी ग्रंथी नसणं हाच पुरावा असतो. काही मुलं घामग्रंथी जवळजवळ नसतानाच जन्मतात. केस विरळ, दात थोडे आणि सुळ्यांसारखे, आणि उन्हाळ्यात कारण नसताना ताप. तळहाताच्या किंवा डोक्याच्या त्वचेच्या तुकड्यात जिथे ग्रंथी दाटीने असायला हव्यात तिथे त्या सापडत नाहीत. १८७५ मध्ये चार्ल्स डार्विन यांनी सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाची हकिकत नोंदवली होती. चार पिढ्यांतल्या दहा पुरुषांना मोजकेच दात, अंगावर केस कमी, आणि उष्म्यात त्वचा कोरडी पडून होणारा त्रास. मुलींना काही होत नसे, पण त्यांच्या मुलग्यांमध्ये ते उतरे. एक्स गुणसूत्रावरच्या दोषाचं इतकं स्वच्छ वर्णन जनुक हा शब्दही नसताना झालेलं आहे. २०१८ मध्ये जर्मनीतल्या डॉक्टरांनी अशा तीन बाळांना आईच्या पोटात असतानाच, गर्भजलात, कमी असलेलं प्रथिन टोचल्याची माहिती प्रसिद्ध केली. त्या बाळांना घाम येऊ लागला.

कुष्ठरोगात ग्रंथी असतात, पण नष्ट होत जातात. चट्टा कोरडा असतो आणि तिथे स्पर्श कळत नाही, या दोन्ही गोष्टींचं मूळ एकच आहे. जंतू मज्जातंतूंत शिरतो, त्याच्याशी लढणाऱ्या पेशींच्या गाठी, म्हणजे ग्रॅन्युलोमा, मज्जातंतूच्या वाटेने लांबट पसरतात आणि वाटेतल्या घामग्रंथींनाही वेढतात. सार्कॉइडसारख्या दुसऱ्या आजारांतही ग्रॅन्युलोमा असतात, पण ते सहसा गोल आणि आपापले वेगळे बसलेले असतात. म्हणून गाठ कोणाच्या अंगाला लागून बसलीय, हे बघितल्याशिवाय मी अशी स्लाइड खाली ठेवत नाही.

त्वचा कडक होणाऱ्या स्क्लेरोडर्मा आणि मॉर्फिया या आजारांत वेगळीच गंमत घडते. ग्रंथीभोवतीची चरबीची गादी नाहीशी होते, तिथे कोलॅजन या चिवट प्रथिनाचे जाड धागे भरतात, आणि गुंडा त्यात आवळला जातो. खालची चरबीही कोलॅजनने व्यापल्यामुळे ग्रंथी वर सरकल्यासारखी, अंतस्त्वचेच्या मध्यावर अडकलेली दिसते. निरोगी तुकडा तळाशी चरबीमुळे निमुळता होतो. हा मात्र खालपर्यंत सरळ, चौकोनी असतो. कधीकधी तुकडा स्लाइडवर नुसत्या डोळ्यांनी बघूनच अंदाज येतो.

लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी ग्रंथींभोवती जमणं हा सगळ्यांत जास्त वेळा रिपोर्टात लिहिला जाणारा आणि सगळ्यांत जास्त घोळ घालणारा मुद्दा. ल्युपसमध्ये, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते त्या आजारात, त्या जमतात, थंडीने बोटं लाल-जांभळी होऊन सुजतात तेव्हा जमतात, मुलांच्या हातापायांवर रेघेत उठणाऱ्या आणि आपोआप जाणाऱ्या लायकेन स्ट्रायटस या पुरळातही जमतात. रिपोर्टात हे वाक्य वाचून कोणी ल्युपसच्या काळजीने रात्र जागवू नये. एकट्या या खुणेवरून ल्युपस ठरत नाही. पेशी ग्रंथीभोवती थांबल्यात की तिच्या भिंतीत घुसल्यात, हा फरक मात्र मोठा. भिंतीत शिरून ग्रंथी फुगवणाऱ्या, वेड्यावाकड्या केंद्रकांच्या लिम्फोसाइट दिसल्या तर त्वचेच्या एका दुर्मीळ लिम्फोमाची, म्हणजे लिम्फोसाइटच्या कॅन्सरची, शंका घ्यावी लागते. अशा चट्ट्यावर बऱ्याचदा केस गळालेले असतात आणि घामही येत नाही.

ग्रंथीभोवतीचे मज्जातंतू हा अलीकडे वाढत चाललेला विषय. नेहमीच्या रंगात ते जवळपास दिसतच नाहीत. खास प्रतिपिंड लावले की ग्रंथीच्या नळ्यांभोवती जाळं उमटतं. मधुमेहात बारीक मज्जातंतू झिजतात तेव्हा हे जाळं विरळ होतं. कंपवातात, म्हणजे पार्किन्सन्समध्ये, मेंदूत साठणारं अल्फा-सायन्यूक्लिन हे प्रथिन आपल्या बिघडलेल्या रूपात त्वचेच्या या धाग्यांतही सापडतं. त्यासाठी मान, मांडी आणि पाय अशा वेगवेगळ्या जागी छोटे तुकडे घेतात आणि प्रयोगशाळेच्या सूचनेप्रमाणे खास द्रावणात पाठवतात. नेहमीच्या बायोप्सीवर नंतर ‘तेही बघा’ म्हणून सहसा भागत नाही.

यातलं काहीही दिसायला तुकड्यात ग्रंथी यायला हव्यात. वरचेवर खरवडून काढलेल्या पातळ पापुद्र्यात त्या नसतात. कुष्ठरोग, मॉर्फिया, साठ्याचे आजार असली शंका असेल तर ३-४ मिलिमीटरचा पंच, म्हणजे गोल तुकडा कापणारं हत्यार, चरबी दिसेपर्यंत खोल जायला हवा. तुकडा चिमट्याने दाबला गेला किंवा फॉर्मलिन या टिकवणाऱ्या द्रावणात उशिरा पडला तरी ग्रंथी मेल्यासारख्या दिसतात. अशा वेळी मी आसपासच्या पेशी बघते. त्याही तशाच विटलेल्या असतील तर दोष हाताळणीचा.

आणि एका आजारात तर ग्रंथी स्लाइडवर अगदी निरोगी दिसते. सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसं आणि पचन बिघडवणाऱ्या जन्मजात आजाराच्या मुलांचा घाम जास्त खारट असतो. १९४८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची लाट आली तेव्हा अशी काही मुलं मीठ घामावाटे जाऊन कोसळली, आणि डॉक्टर पॉल दी सांत’अन्येसे यांनी माग काढत १९५३ मध्ये हा दोष मांडला. नळीतून वर येताना घामातलं मीठ परत शोषून घेणारी वाट या मुलांत बंद असते. पेशीची घडण मात्र जशीच्या तशी. म्हणून या आजारात घामग्रंथीचा तुकडा कोणी काढत नाही. हातावर पायलोकार्पिन हे घाम आणणारं औषध लावून हलका विद्युतप्रवाह देतात, घाम गोळा करतात आणि त्यातलं क्लोराइड मोजतात. ते लीटरला ६० मिलिमोल किंवा जास्त भरलं तर आजाराची शक्यता फार वाढते, आणि खात्रीसाठी पुन्हा घाम किंवा जनुक तपासतात.